वॅगनआर १.० की १.२? ६७ पीएस घाटात कमी पडतील का?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत: रोजचं कोथरूड-हिंजवडी आणि अधूनमधून आई-वडिलांना घेऊन पाचगणी. दोन्हींचं उत्तर वेगळं आहे.

मी १.० (एक लिटरचं लहान इंजिन) चालवतो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये १.० चे ६७ पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच) काय नि १.२ चे ९० काय, वापरायला जागाच मिळत नाही. ब्रोशरमधला तो आकडा १.० मध्ये ५५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो आणि १.२ मध्ये ६००० ला. ऑफिसला जाताना इंजिन तिथपर्यंत कोण नेतं? आपण दीड-दोन हजारांत गिअर बदलत असतो. हिशोब सोपा आहे: टॉर्क (इंजिनाचा पीळ, न्यूटन-मीटर म्हणजे एनएममध्ये) गुणिले आरपीएम, भागिले ७०२४, म्हणजे पीएस. १.० चा पूर्ण ८९ एनएम टॉर्क धरला तरी २००० आरपीएमला जेमतेम २५ पीएस होतात. १.२ चा ११३ धरला तर ३२. (प्रत्यक्षात दोन्ही थोडे कमीच, कारण कमाल टॉर्क त्याच्या बराच वर येतो.) म्हणजे फरक २३ चा नाही, ७ चा.

आता खंबाटकी घाट. पुढे उसाचा ट्रक, तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या स्पीडला, एसी चालू, मागे तिघं. ओव्हरटेकला जागा मिळाली म्हणून पाय दाबला तर १.० नुसती घुमते, हलत नाही. कारण इंजिन साधारण दोन हजारांवर आहे, म्हणजे तेच २५ पीएस. त्याच स्पीडला गिअर पाडा, म्हणजे तिसऱ्यातून खाली दुसऱ्यात या. काटा तीन हजारांच्या आसपास जातो, हाताशी ३८ पर्यंत येतात आणि गाडी सुटते. गिअर पाडून मिळालेले हे १३ पीएस मोठ्या इंजिनाच्या ७ पेक्षा जास्त आहेत. आवाज होतो, तीन सिलिंडरचं इंजिन आहे, होणारच. 'इंजिन रडतंय' म्हणून घाबरून वरचा गिअर टाकणाऱ्यांनाच १.० मध्ये दम वाटत नाही, हे माझं ठाम मत.

तरीही तुम्हाला मी १.२ च सुचवीन. गाडीचं स्वतःचं वजन सव्वाआठशे किलोच्या आसपास. चार-पाच मोठी माणसं आणि बॅगा म्हणजे त्यावर तीन-साडेतीनशे किलो. पसरणी घाट चढून पाचगणीला, तेराशे मीटरच्या जवळ पोचेपर्यंत हवा विरळ होते आणि टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची दहा टक्क्यांहून जास्त ताकद तिथेच जाते. एसी आपला वाटा घेतो तो वेगळा. भरल्या गाडीत १.० वर सतत गिअर पाडत बसावं लागतं, १.२ मध्ये निम्म्या वेळा तिसऱ्यातच निभावतं. शिवाय चार सिलिंडर, त्यामुळे सिग्नलला थरथर कमी. मायलेजची भीती नको: कंपनीचा दावा १.० मॅन्युअलला लिटरमागे २४.३५ किमी आणि १.२ ला २३.५६.

सीएनजीचा विचार असेल तर ती फक्त १.० मध्ये मिळते: ५७ पीएस, ८२ एनएम, डिकीतल्या टाकीचं जादा वजन, आणि आई-वडिलांच्या बॅगा ठेवायच्या कुठे? रोजच्या ऑफिसला उत्तम, पाचगणीला नको. ऑटो गिअर (स्वतःच गिअर बदलणारी गाडी) घेतलात तर घाटात मॅन्युअल मोडवर ठेवा. नाहीतर चढावर ती मध्येच वरचा गिअर टाकते आणि परत खाली येते.

टेस्ट ड्राइव्हला सेल्समनबरोबर एकटे जाऊ नका. शोरूमभोवतीच्या सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या पळतात. घरच्यांना बसवा, एसी चालू ठेवा आणि जुन्या कात्रज घाटात न्यायचा आग्रह धरा. चढावर गाडी पूर्ण थांबवून पहिल्या गिअरवर उचला, मग दुसऱ्यात टाकून बघा. दोन्ही इंजिनं एकाच दिवशी, त्याच वळणावर.