ध्वनिलहरींनी खोलीतली आग ओळखता येते का? मग स्मोक डिटेक्टर काढून टाकावा का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो', दुसऱ्याचं 'अजिबात नको'.

ध्वनिमापन हा माझा विषय, त्यामुळे आधी एक गैरसमज दूर करतो. मायक्रोफोन आगीचा तडतडाट ऐकतो, असं बहुतेकांना वाटतं. तसेही प्रयोग झालेत. पण लाकूड तडतडतं ते आतल्या ओलाव्याची वाफ होऊन. गादीतला फोम पेटला तर तसा आवाज येईलच असं नाही. उलट टीव्हीवर शेकोटी दिसली तरी यंत्र बोंब ठोकायचं! मला हा मार्ग भरवशाचा वाटत नाही.

दुसरा मार्ग जास्त हुशारीचा आहे. त्यात यंत्र स्वतःच स्पीकरमधून ठरावीक वारंवारितांचा आवाज सोडतं आणि भिंती, छत, सामान यांवरून परतून आलेला आवाज मायक्रोफोनने टिपतं. कुठल्या वारंवारिता ठळक होतात, कुठल्या दबतात, हा त्या खोलीचा ठसाच असतो. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो: ० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३३१ मीटर, २० अंशांना ३४३, ३०० अंशांना जवळपास ४८०. २० अंशांची हवा खोलीभर आणखी १० अंशांनी तापली, तर १००० हर्ट्‌झजवळचं शिखर, म्हणजे ठळक झालेली वारंवारिता, १०१७ च्या आसपास सरकतं. संगणकाच्या साध्या साउंड कार्डालाही हे सहज दिसतं. प्रत्यक्षात गरम हवा आधी छताशी साठते, त्यामुळे ठसा इतका सरळ सरकत नाही, वेडावाकडाही होतो. दक्षिण कोरियातल्या ईटीआरआय या संशोधन संस्थेने याच तत्त्वावर सेन्सर बनवला आहे.

फायदा असा की धूर यंत्रापर्यंत पोहोचायची वाट पाहावी लागत नाही. ज्वाला समोर दिसायलाही हवी असं नाही, कारण ध्वनी कपाटाला वळसा घालून जातो.

खरी डोकेदुखी खोट्या इशाऱ्यांची. दार उघडलं, पंखा लावला, कोणी खुर्ची सरकवली, की ठसा बदललाच. यावर उपाय म्हणजे बदलाची चाल पाहायची. माणूस वावरला तर शिखरं इकडेतिकडे हलतात. आग असेल तर ती एकंदरीत एकाच दिशेने, वरच्या वारंवारितांकडे सरकत राहतात. हीटर लावल्यावरही तसंच होतं, म्हणून तापमान किती झपाट्याने चढतंय हेही बघावं लागतं.

आता डिटेक्टर का काढायचा नाही ते. या पद्धतीला मुळात आग कळत नाही, तापलेली हवा कळते. गादी किंवा सोफा आतल्या आत धुमसत असेल तेव्हा उष्णता थोडी आणि धूर, कार्बन मोनॉक्साइड भरपूर. झोपेतल्या माणसाचा जीव अशा आगीत जाऊ शकतो, आणि तिथे प्रकाशकिरणाने धूर ओळखणारा स्मोक डिटेक्टरच आधी वाजेल. ध्वनीचा सेन्सर लावायचाच असेल तर त्याच्या जोडीला लावा.

मोबाइलच्या ॲपचं म्हणाल, तर प्रयोग म्हणून मजा येईल. पण फोन जागचा थोडा जरी हलला तरी आधी टिपलेला ठसा निकामी होतो.