घर तारण ठेवून नाटक काढावं का?

प्रश्न : मी आणि पती दोघंही व्यावसायिक नाटकात, वयं 43 आणि 47. लग्न नोंदणी पद्धतीचं. मूल नको आणि घरं दोन, हे आधीच ठरलं होतं : मी डोंबिवलीत, ते गिरगावात आईजवळ. एकमेकांच्या इतर नात्यांना आडकाठी नव्हती. आता त्यांनी दुसऱ्या जोडीदाराबरोबर कायमचं राहायचं ठरवलंय, घटस्फोटाचं मात्र नक्की नाही. त्यातच त्यांना निर्माता म्हणून नवं नाटक काढायचंय, प्रमुख भूमिका माझी. डोंबिवलीचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, त्याचे हप्ते बहुतेक मीच फेडले. त्यावर 20 लाखांचं कर्ज (11 टक्के, 10 वर्षं) काढायला माझी सही हवी आहे. अंदाज असा : प्रयोगाचं बुकिंग 1,05,000, खर्च 85,000. माझं उत्पन्न महिना सरासरी 65,000, खर्च 40,000. ठेवी 6 लाख, पीपीएफ 4 लाख. सही करू का?

उत्तर : सही करू नका. संहिता उत्तम असेल, तरीही नको. तुमची नाईट (प्रयोगामागे मिळणारं मानधन), त्यांची नाईट, कर्जाचा हप्ता आणि तुमचं राहतं घर या चारही गोष्टी एकाच नाटकावर टांगल्या जातील. आणि ते नाटक तुम्हा दोघांना एकत्र काम करणं जमतंय तोवरच चालेल. नात्यात आज जे चाललंय, त्यात उद्या तालमीला एकत्र उभं राहणं अशक्य झालं तर त्यात तुमचा दोष नसेल. बँक मात्र हप्ता मागणारच.

हिशेब पाहा. हप्ता सुमारे 27,550 रुपये, दहा वर्षांत एकूण 33 लाखांच्या आसपास. प्रयोगामागे 20,000 उरले तर नुसतं कर्ज फेडायला 165 प्रयोग लागतील. बुकिंग 90,000 वर आलं तर उरतात 5,000, म्हणजे 660 च्या पुढे प्रयोग. सरासरी तिकीट 350 धरा. हा सगळा फरक फक्त 43 खुर्च्यांचा आहे. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला भरलेलं नाटक बोरिवलीच्या नाट्यगृहात एवढ्या खुर्च्यांनी सहज मागे पडतं, आणि परीक्षांच्या दिवसांत तर हमखास. खर्च मात्र हलत नाही : नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात, नेपथ्याचा टेम्पो, बॅकस्टेजच्या नाईट, लेखकाचं मानधन हे सगळं तीनशे प्रेक्षकांना तेवढंच आणि दीडशेंना तेवढंच. तिकीट वाढवून भरून काढू म्हणाल, तर 500 रुपयांच्या वर जीएसटी लागतो. सरकारी अनुदान मिळालं तर आनंद, पण हप्ता त्याच्या भरवशावर ठेवू नका.

हप्ते 90 दिवस थकले की खातं अनुत्पादक, म्हणजे थकीत कर्ज (एनपीए) ठरतं. मग बँक 60 दिवसांची नोटीस देऊन तारण घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. सहकर्जदार म्हणून संपूर्ण रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते, अर्धी नव्हे. घटस्फोट झाला तरी ही जबाबदारी सुटत नाही. तुम्ही सहमालक आहात, त्यामुळे तुमच्या सहीशिवाय बँक हा फ्लॅट तारण घेणार नाही. नाही म्हणायचा हक्क पूर्णपणे तुमचा आहे.

मदत करायचीच असेल तर किती? नोकरदाराला मी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायला सांगते, रंगकर्मींना बारा. मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद झाली, मध्ये काही महिने निम्म्या क्षमतेने उघडली, पुन्हा बंद झाली, ती 22 ऑक्टोबर 2021 ला उघडली. बारा महिन्यांचे 4,80,000 ठेवींतून बाजूला काढले की उरतात 1,20,000. तेवढेच द्या. बँकेतून द्या, कारण 20,000 किंवा त्याहून मोठं कर्ज रोखीत घेणं कायद्याला चालत नाही. वचनचिठ्ठी लिहून घ्या. नाट्यसंस्थेत भागीदार मात्र होऊ नका, साध्या भागीदारीत संस्थेचं देणं तुमच्या घरापर्यंत येतं. पीपीएफला हात लावू नका. कर्जवसुलीसाठी न्यायालयालाही ती रक्कम जप्त करता येत नाही, इतकं ते सुरक्षित आहे.

आता फ्लॅटचं. हप्ते तुम्ही भरलेत, त्यांना गिरगावची जागा आहे. त्यांचा अर्धा हिस्सा बक्षीसपत्राने तुमच्या नावावर करायला सांगणं अवाजवी नाही. महाराष्ट्रात राहतं घर पत्नीला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, वर स्थानिक अधिभार असेल तो. ही सवलत लग्न टिकून आहे तोवरच, म्हणून घटस्फोटाच्या अर्जाआधी हे उरका. हप्त्यांची बँक स्टेटमेंट शोधून ठेवा.

तुम्ही दोघं हिंदू असाल तर आणखी एक. नोंदणी विवाह असला तरी वारसा हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच जातो. मृत्युपत्र नसेल तर तुमची स्वकष्टाची मिळकत आधी पतीकडे जाते, ते नसतील तर त्यांच्या वारसांकडे, तुमच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर. वेगळं राहिल्याने हे बदलत नाही. पतींचं मृत्युपत्र नसेल, तर त्यांच्या पश्चात त्यांच्या हिश्श्यात तुमच्याबरोबर सासूबाईही बरोबरीच्या वारस असतील. मृत्युपत्र याच महिन्यात करा, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही. बँकेतलं नामनिर्देशन बदला, पण तेवढ्याने मालकी ठरत नाही.

आरोग्य विमा एकत्र असेल तर नूतनीकरणाच्या किमान 45 दिवस आधी स्वतंत्र पॉलिसीसाठी पोर्टेबिलिटीचा अर्ज करा, म्हणजे जुन्या आजारांच्या प्रतीक्षाकाळातली भरलेली वर्षं वाया जाणार नाहीत. पॉलिसीवरची तारीख आजच पाहून घ्या.