मुलांच्या पोटगीचा आकडा कसा मांडायचा

ताई, "पगाराच्या किती टक्के मिळतात?" हा प्रश्न आधी डोक्यातून काढा. मुलांच्या पोटगीला आपल्याकडे ठरलेलं सूत्र नाही. न्यायाधीश मुलांची गरज, दोघांची कमाई आणि आजवरचं राहणीमान बघतात.

म्हणून खर्च तुम्हीच मांडा: फी, शिकवणी, रिक्षा, दवाखाना, किराणा, खोलीभाडं. जूनमधले दप्तर-गणवेश वर्षातून एकदाच लागतात, ते बाराने भागून महिन्यात धरा. हे हमखास राहून जातं. पावत्या जोडा. फुगवू मात्र नका, उलटतपासणीत एक आकडा खोटा पडला की बाकीच्यांवरही शंका येते.

नवरा नोकरीत असेल तर पगारपत्रक पुरतं. शेती असेल तर खरी कसरत. "यंदा काही पिकलंच नाही" हे उत्तर ठरलेलं. सातबाऱ्यावर क्षेत्र आणि पीक दिसतं, हातात आलेला पैसा नाही. तेव्हा सोयाबीन-कापसाच्या आडतीच्या पट्ट्या (आडत्याने दिलेल्या विक्रीच्या पावत्या), कारखान्याचं उसाचं बिल, बँकेचा खातेउतारा कोर्टामार्फत मागवा. वकिलांना हे पहिल्याच भेटीत सांगा.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. त्यामुळे "बघू, समेट होईल" म्हणत अर्ज लांबवू नका. सोबत अंतरिम पोटगीही, म्हणजे निकाल लागेपर्यंतची पोटगी, मागा. माहेरी राहत असाल तर तिथल्याच कोर्टात अर्ज चालतो. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. मोफत वकिलासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही.