आठ वर्षांच्या मुलाचं वजन जास्त आहे, त्याला डाएटवर ठेवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा तिसरीत, वय आठ. तापासाठी नेलं तेव्हा डॉक्टरांनी औषध लिहिता लिहिता वजनावरून टोकलं. सासूबाई म्हणतात, उंची वाढली की अंग आपोआप उतरेल. मोठी मुलगी सडपातळ आहे. मग त्याच्यापुरता वेगळा डाएट करायचा का, आणि शनिवारचा वडापाव बंद करायचा का?

वेगळा डाएट करू नका. मी शाळेत पीटी शिकवते. डॉक्टर नाही, पण मधल्या सुट्टीतले डबे आणि खेळाच्या तासाला लागणारी धाप, दोन्ही रोज बघते. घरात एकट्याचाच भात तोडलेला पोरगा मित्राच्या डब्यातल्या वेफर्सवर तुटून पडतो, हे ठरलेलं. शिवाय या वयात बहुतेक वेळा वजन उतरवायचं नसतंच. उंची वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढत असते, तेवढ्या काळात वजन थोपवून धरलं किंवा अगदी सावकाश वाढू दिलं तरी पुष्कळ फरक पडतो. म्हणजे सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. फक्त वजनही त्याच वेगाने चढत राहिलं तर उंची वाढून काही उपयोग नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना वाढीच्या तक्त्यावर खूण करून दाखवायला सांगा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी २०१५ साली नवे तक्ते काढले. त्यात अतिवजनाची रेघ मोठ्या माणसाच्या २३ बीएमआयशी (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) जुळवलेली आहे आणि स्थूलतेची २७ शी. पाश्चात्त्य देशांत हेच आकडे २५ आणि ३० धरतात. आपल्याकडे रेघ खाली, कारण तेवढ्याच वजनाला आपल्या अंगात चरबी जास्त असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी दिला होता. बीएमआय दोघांचाही २२.३. युडकिन यांच्या शरीरातली चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! त्यामुळे मुलगी सडपातळ आहे म्हणून तिला बिस्किटं मोकळी आणि भावाला कुलूप, असं करण्यात शहाणपण नाही. जे करायचं ते चौघा-पाचजणांनी मिळून.

घरी टेप घेऊन एवढं बघा, की कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी आहे ना. मानेमागची कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी दिसते का तेही बघा. पुष्कळ आया तो मळ समजून घासत बसतात. घासून तो जात नाही, कारण बऱ्याचदा ती शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची खूण असते. असं दिसलं, किंवा मुलगा रात्री मोठ्याने घोरत असेल, वर्गातल्या मुलांच्या मानाने उंची खुंटलेली वाटत असेल, तर डॉक्टरांकडे लवकर जा.

आता स्वयंपाकघर. माझ्या मते निम्मं काम कपात आणि ग्लासात आहे. सकाळचं दूध चॉकलेटी पावडर घालून, दुपारी पॅकबंद ज्यूस, संध्याकाळी चहात बुडवलेली चार बिस्किटं, पाहुणे आले की कोल्ड्रिंक. यातलं काहीच ‘जेवण’ म्हणून मोजलं जात नाही. आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने वरून घातलेल्या साखरेचा वाटा त्यात दहा टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे चाळीसेक ग्रॅम. पाच टक्क्यांवर आणला तर अधिक चांगलं. २५० मिली कोल्ड्रिंकमध्येच पंचवीसेक ग्रॅम साखर असते. काही चॉकलेटी पावडरींत शंभर ग्रॅममागे तीस ग्रॅमच्या पुढे साखर निघते, डब्यामागचं बारीक अक्षर वाचा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली दाखवू नका असं कळवलं, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तशी व्याख्याच नाही. साधं दूध, ताक, पाणी. ज्यूसऐवजी अख्खं फळ. पहिले काही दिवस तोंड वाकडं होईल, होऊ द्या.

डब्यासाठी काही नवीन शिकायची गरज नाही. मटकीची उसळ, मुगाचं धिरडं, अंड्याची पोळी, भाज्या घातलेलं थालीपीठ, दही-काकडी. एक मात्र आहे, घरचं म्हणजे चांगलंच असं नाही. तेलात न्हालेली साबुदाण्याची खिचडी घरचीच असते, आणि पोह्यांवर मूठभर फरसाणही आपणच घालतो. जेवायला बसल्यावर उसळ, आमटी, कोशिंबीर आधी वाढा, भात नंतर. ‘ताटात टाकायचं नाही’ हा नियम असेल तर पहिलं वाढणं कमी ठेवा, लागलं तर तो मागेल. काय शिजवायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. मोबाईलसमोर जेवताना पोट भरल्याचं कळत नाही, त्याला नाही आणि त्याच्या बाबांनाही नाही.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांच्या पिढीने हडकुळी, सतत आजारी पडणारी पोरं पाहिलीत, आणि ती भीती खोटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. त्याच वेळी देशात त्याच वयातल्या अतिवजनाच्या मुलांचं प्रमाण २.१ वरून ३.४ टक्क्यांवर गेलं. सासूबाईंना लाड करायचेच असतात, तर लाडाचा पदार्थ बदलून द्या. शेंगदाणे, खजूर, चिरलेला पेरू, घरची राजगिऱ्याची वडी आजीच्या हातून जाऊ दे. आणि ‘जाड्या’, ‘हत्ती’ ही हाक घरात कुणाच्याही तोंडी नको, प्रेमाने सुद्धा. अशी हाक ऐकलेली मुलं मैदानावर यायचं टाळतात. माझ्या तासाला ‘पोट दुखतंय’ म्हणून कडेला बसणाऱ्यांत तीच जास्त.

खेळाबद्दल मी बोलणारच. ५ ते १७ वयाला रोज सरासरी तासभर धाप लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळेवर विसंबून राहू नका, कारण परीक्षा जवळ आली की आमचा तास गणिताला जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. क्रिकेटच्या कोचिंगचीही घाई नको. तिथे निम्मा वेळ रांगेत उभं राहण्यात जातो. लंगडी, डबा ऐसपैस, लगोरी, विषामृत यांना फी लागत नाही आणि जाड-बारीक सगळे खपतात. अडचण जागेची असते. सोसायटीत ‘येथे खेळू नये’ अशी पाटी असेल तर तुम्ही तीन-चार आया मिळून सभेत पार्किंगचा एक कोपरा संध्याकाळी सहा ते सात मोकळा मागा. रिकाम्या हाताने परत याल असं वाटत नाही. मंडईत चालत जा, पिशवी त्याच्या हातात द्या. रविवारी बाबांना घेऊन टेकडी चढा. आई-बाप सोफ्यावर आणि मुलगा मैदानावर, हे फार दिवस चालत नाही.

झोप नऊ तास तरी हवी. उशिरा झोपणारी मुलं रात्री चरतात आणि सकाळी उपाशी शाळेत येतात.

राहिला वडापाव. बंद करू नका, नाहीतर तो चोरून खायची वस्तू होईल. शनिवारी सगळ्यांनी मिळून खा, प्रत्येकी एक, वर कोल्ड्रिंक नाही. आणि गाडी शक्यतो चालत जाण्याइतकी लांबची निवडा.