राब न भाजता तरवा होईल का?

भाताची रोपं वाढवायची जागा म्हणजे तरवा. पेरणीआधी त्या जागेवर शेण, पालापाचोळा पसरून जाळतात, तो राब. मुरबाड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न : "नात चार वर्षांची आहे. शेजारी राब भाजला की रात्रभर खोकते, छातीत घरघर होते. डॉक्टरांनी पंप दिलाय. आम्ही तरी राब बंद करावा म्हणते, पण घरचे म्हणतात, मग तरव्यात तण माजेल. काय करू?"

ताई, आधी नातीचं. लहान मूल मोठ्या माणसापेक्षा भरभर श्वास घेतं आणि त्याच्या श्वासनळ्याही अरुंद असतात. राबाच्या धुरातले बारीक कण 2.5 मायक्रॉनहून लहान. तोंडावरची ओढणी ते अडवत नाही. त्यामुळे राब पेटायच्या आत तिला लांब न्या. पंपाची सवय लागते असं गावात कोणी म्हणेल, ते ऐकू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. श्वास घेताना फासळ्या आत ओढल्या जात असतील तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन करा.

शेजाऱ्यांना इतकं तरी सांगा, की पहाटे किंवा दिवस मावळताना पेटवू नका, तेव्हा धूर जमिनीलगत साचतो. खताच्या रिकाम्या गोणी, प्लास्टिक आगीत नकोच.

आता तरवा. घरचे खोटं सांगत नाहीत. आगीने वरच्या थरातलं तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं. पण शेणातला आणि कवळातला (तोडलेल्या डहाळ्या-पाल्यातला) नत्र त्याच आगीत उडून जातो, आणि मग आपण युरियाची गोणी आणतो! तणाचं काम उन्हाकडून करून घ्या. एप्रिलमध्ये जागा नांगरून, ढेकळं फोडून सपाट करा, पाणी द्या आणि ओलीवरच पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीने दाबा. काळं नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. चार ते सहा आठवडे हलवू नका. नंतर खोल नांगरट करू नका, खालचं बी वर येतं. लव्हाळा मात्र याने जात नाही, तो आधीच गाठींसकट खणून काढा.

एप्रिलमध्ये विहिरीला पाणी कुठलं, असं म्हणाल. मग पहिल्या पावसावर तण उगवू द्या, वरवर कुळवून मोडा आणि मगच पेरा. आठवडाभर उशीर होईल.

शेण-पाला कुजवून गादीवाफ्यात घाला, गुंठ्याला साधारण 250 किलो. यंदा सगळा तरवा असा करू नका. दोन गुंठे करा आणि आवणीच्या (रोपं लावायच्या) वेळी शेजारच्या राबातली रोपं मागून आणून आपल्या रोपांशेजारी ठेवून बघा.