ॲडमिरलने कोणत्या जहाजावर बसावे?

प्रश्न : अंतराळयुद्धाच्या कथांत ताफ्याचा सेनापती बहुधा सर्वांत मोठ्या जहाजावरच असतो. प्रत्यक्ष नौदलांतही ध्वजनौका अशीच निवडतात, की हा केवळ लेखकांचा सोस आहे? – एक वाचक, सांगली

उत्तर : ज्या जहाजावर ॲडमिरलचा ध्वज फडकतो ती ध्वजनौका, म्हणजे ती जहाजाची जात नव्हे, तर ॲडमिरल दुसरीकडे गेला की त्याच्यामागोमाग जाणारा मान आहे. जहाज चालवणारा कप्तान वेगळा असतो आणि ॲडमिरल फक्त ताफ्याकडे पाहतो. ('स्टार ट्रेक'मध्ये कप्तान पिकार्डच्या 'एंटरप्राइज'ला ध्वजनौका म्हणतात, पण तिच्यावर ॲडमिरलचा मुक्काम नसतो, तिथे तो शब्द निव्वळ गौरवाचा आहे.)

मोठ्या जहाजाचा मोह अगदीच अकारण नसतो, कारण ॲडमिरलबरोबर अधिकाऱ्यांचा लवाजमा, नकाशे आणि संदेशयंत्रणा येते आणि त्या सगळ्यांना जागा लागते. 'स्टार वॉर्स' मालिकेतील 'रिटर्न ऑफ द जेडाय' (१९८३) या चित्रपटात साम्राज्याविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना हल्ल्याची योजना समजावून दिली जाते ती त्यांच्या ॲडमिरल ॲकबारच्याच जहाजावर. मात्र त्याच चित्रपटात या मोहाची किंमतही दिसते. साम्राज्याच्या ताफ्याचे 'एक्झिक्युटर' हे ध्वजजहाज तब्बल १९ किलोमीटर लांबीचे मानले जाते. त्याच्या ब्रिजचे (जहाज जिथून चालवतात त्या कक्षाचे) संरक्षककवच निकामी होते, एक चिमुकले लढाऊ यान ब्रिजवर आदळते आणि ॲडमिरल पिएटसह ते अजस्र धूड डेथ स्टार या साम्राज्याच्याच प्रचंड अंतराळतळावर कोसळते. सगळ्या ताफ्याचा मेंदू उंच मनोऱ्याच्या टोकावर ठेवणाऱ्या अभियंत्याला खरे तर आधी जाब विचारायला हवा होता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे ॲडमिरल स्प्रूअन्स यांनी याच्या नेमके उलट केले. हाताशी नव्या, वेगवान युद्धनौका (बॅटलशिप) असताना त्यांनी १९३२ साली नौदलात दाखल झालेली 'इंडियानापोलिस' ही क्रूझर (बॅटलशिपपेक्षा लहान लढाऊ नौका) पसंत केली, कारण ती आघाडीतून बाजूला काढली तरी ताफ्याचे बळ फारसे घटत नव्हते आणि त्यांना हवे तिकडे जाता येत होते. ३१ मार्च १९४५ रोजी ओकिनावाजवळ तिच्यावर आत्मघाती विमान आदळले, तेव्हा त्यांनी आपला ध्वज 'न्यू मेक्सिको' या जुन्या युद्धनौकेवर हलवला. टिमथी झान यांच्या १९९१ सालच्या 'स्टार वॉर्स' कादंबरीतील साम्राज्याचा सेनापती थ्रॉन मला म्हणूनच अधिक पटतो. कारण त्याचे 'किमेरा' हे साम्राज्याच्या ताफ्यातील इतर अनेक जहाजांसारखेच, १,६०० मीटरचे आहे आणि ते चालवण्याचे काम कप्तान पेलेऑनकडे आहे.

ध्वज हलवण्याचा प्रसंग मात्र विज्ञानकथाकार सहसा रंगवत नाहीत. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत 'अकागी' ही जपानी विमानवाहू ध्वजनौका पेटली, तेव्हा तिच्यावरील ॲडमिरल नागुमो यांना ब्रिजच्या खिडकीतून दोराने खाली उतरून 'नागारा' या हलक्या क्रूझरवर जावे लागले होते.