कोपर दुखतंय? आधी हे बघ

भावा, मसल दुखणं दोन-तीन दिवसात जातं, टेंडनचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाचं) तसं नसतं, कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडापाशी बोट ठेवून दाखवता येतं आणि बादली उचलताना कळ येतेच. जिम पूर्ण बंद नको करू, वजन निम्म्यावर आण, पुलअप्स थांबव, हलका डंबेल धरून मनगट ३-४ सेकंद घेत सावकाश खाली सोड, दुखणं १० पैकी ३ च्या वर जायला नको. महिने लागतात रे, घाई नको प्लीज. पण डेडलिफ्टला (जमिनीवरून बार उचलताना) मिक्स ग्रिपमध्ये, म्हणजे एक तळवा पुढे नि एक मागे, तळवा पुढे असलेल्या हातात टप्पकन आवाज आला, कोपराच्या पुढे काळंनिळं झालं, बायसेप वर सरकला तर शेक-बाम काही नको, त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे जा, ऑपरेशन लागलंच तर पहिल्या २-३ आठवड्यात सोपं पडतं, नंतर टेंडन आखडतो.